तिरकी पट्टी

टॉवरमध्ये सगळे त्यांना फूटपट्टी सर म्हणायचे, आणि तेही तोंडावर. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी कायमची. तिच्यावरचे आकडे कधीच पुसून गेले होते, पण सर तिने काही मोजत नसतच. समोर कागद, पेन्सिली, चहाचे कप, जे काही पडलेलं असेल त्याच्या कडेला ती लावायची आणि हलकेच रेषेत आणायचं, एवढंच तिचं काम. घरीही तेच. जेवणाच्या टेबलावरचे चमचे सरळ करायला लागले की बायको म्हणायची, "माझा भांग तेवढा सोडा, बाकी घर तुमचं."

असा माणूस घरात ताप असतो. कामावर मात्र त्यांच्या जिवावर सगळे निर्धास्त होते. तीस वर्षं सर त्या काचेच्या खोलीत बसून विमानं उतरवत होते आणि त्यांच्या नावावर एकाही चुकीची नोंद नव्हती. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. दुसरा कोणी बोलला तर मात्र त्याला थांबवतही नसत.

विमानतळ लहान. एक धावपट्टी, एक वाऱ्याची पिशवी, विमान शिकवणाऱ्या शाळेची सहा दोन आसनी विमानं आणि इतर चार-दोन हौशी लोकांची. मोठ्या ठिकाणी पडद्यावर ठिपके दिसतात, कुठलं विमान किती उंचीवर आहे ते आकड्यात समोर येतं. इथे पडदा म्हणजे खिडकीची काच आणि यंत्र म्हणजे गळ्यातली दुर्बीण. बाकी सगळं डोक्यात ठेवायचं, आणि डोक्यावर भरवसा नको म्हणून समोर एक उतरता फळा. त्या फळ्यावर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी, प्लॅस्टिकच्या खाचेत बसवलेली. विमानाला जे सांगितलं ते त्याच्या पट्टीवर लिहायचं. वैमानिकाने तेच शब्द परत म्हणून दाखवले की पुढे टिक करायची. त्याने परत म्हटलं नाही तर सांगितलंच नाही असं धरायचं. हा नियम पुस्तकातला.

पुस्तकात नसलेला नियम सरांचा. वीस वर्षांपूर्वी एकदा फोन घ्यायला त्यांनी मान वळवली आणि एका विमानाला उतरायची परवानगी द्यायचीच राहिली. ते बिचारं तीन चकरा मारून शेवटी विचारतं झालं, "टॉवर, आमच्यावर राग आहे का?" सगळे हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक पद्धत पाडली. ज्या विमानाला काहीतरी सांगायचं राहिलं आहे, त्याची पट्टी खाचेतून थोडी ओढून तिरकी ठेवायची. सांगून झालं, त्याने परत म्हटलं, की मगच सरळ करायची. फळा एरवी इतका सरळ असायचा की एक तिरकी पट्टी लगेच डोळ्यात खुपायची. खुर्चीत नवा माणूस बसला की त्याने आधी तिरकी पट्टी वाचायची आणि मगच माइकला हात लावायचा. ती तोंडाने सांगायची नसते. तोंड विसरतं म्हणून तर ती आहे, असं सर शिकवायचे. वीस वर्षांत टॉवरमध्ये जे जे आले ते ही पद्धत शिकून गेले, आणि वरच्या कार्यालयातल्या कोणाला तिचा पत्ताही नव्हता.

सगळ्यात शेवटी शिकली ती धाकटी. टॉवरमध्ये वयाने लहान म्हणून धाकटी. परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालेली, पण आवाज असा की वैमानिक मुद्दाम तिची पाळी विचारून यायचे. घाई नाही, ओढाताण नाही, प्रत्येक आकडा सुटा. तो आवाजही सरांनीच घडवला होता. नऊ महिने शेजारी खुर्ची टाकून बसले. "समोरच्याला घाबरायला जागा ठेवायची नाही," म्हणायचे. "तुझ्या आवाजात त्याला टेकायला जागा पाहिजे." दोन वेळा तिला घरी जेवायला बोलावलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच आली आणि सरांच्या बायकोला भाजी चिरू लागली. सरांना मूलबाळ नव्हतं. ते यावर कधी बोलत नसत आणि आपणही नको बोलूया.

धाकटीचं परवान्याचं पहिलं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षाचा कायदा कडक असतो. एक ठपका लागला की परवाना जातो आणि पुन्हा परीक्षेला बसता येत नाही. तिचे दोन महिने उरले होते. सरांच्या निवृत्तीला सात.

त्या दिवशी तपासनीस साहेब यायचे होते. वर्षातून एकदा येतात, पेनाचं टोपणही नीट आहे का बघतात. सरांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, "आज पट्ट्या सरळ ठेवा रे. पुस्तकात नसलेलं काही दिसायला नको. राहिलेलं काम डोक्यात ठेवा, एक दिवसाचा प्रश्न आहे." धाकटी तेव्हा अजून कामावर आलेली नव्हती. तिला कोणीतरी सांगेल असं प्रत्येकाला वाटलं.

अकराच्या सुमारास धाकटी खुर्चीत होती. तिच्या पाळीची अजून दहा-बारा मिनिटं बाकी होती. सर बासष्ट पायऱ्या चढून वर आले, धाप लागलेली, आणि म्हणाले, "ऊठ, मी बसतो."

"माझा वेळ आहे अजून, सर."

"साहेब खाली पोचलेत. ते वर येतील तेव्हा खुर्चीत मी असलेला बरा. तू चहा घे जा."

हे वाक्य सरांना नंतर फार दिवस पुरलं. मी असलेला बरा.

धाकटीने नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. "चकरीत एक आहे, दातांच्या डॉक्टर बाई, एकट्याच. शाळेचं दुसरं बाहेरून परत येतंय, कॅप्टन आणि एक शिकाऊ, पाण्याच्या टाकीकडे. वारा पश्चिमेचा. धावपट्टी मोकळी." हे सांगताना कॅप्टनची पट्टी तिरकी होती. धावपट्टीभोवतीच्या चकरीतलं विमान हजार फुटांवर फिरतं आणि बाहेरून येणारंही सवयीने हजारावरच येतं, म्हणून कॅप्टनना दीड हजारावर थांबायला सांगायचं होतं. ती सांगायला गेली त्याच क्षणी दुसरं कोणीतरी बोललं, दोन आवाज एकमेकांत अडकून नुसती खरखर झाली. कॅप्टननी परत म्हटलं नाही. म्हणजे सांगितलंच नाही. तिने पट्टी तिरकी केली, आणि तेवढ्यात सर येऊन उभे राहिले. तिने सगळं सांगितलं, तिरक्या पट्टीचं तेवढं सांगितलं नाही, कारण ती सांगायची नसते. हे तिला शिकवणारा माणूस समोर होता. ती उठली, सर बसले.

खालच्या कारकुनाचा फोन आला. "सर, साहेब जिन्यात आहेत."

सरांनी खिशातून पट्टी काढली, फळ्याच्या कडेला लावली आणि खालून वर एकदा फिरवली. तिरकी पट्टी टक् करून खाचेत बसली. फळा सरळ झाला. सरांनी ती वाचली नाही.

या गोष्टीत जे काही आहे ते एवढंच आहे. पुढे जे झालं ते या एका टक् मधून झालं.

साहेब वर आले. नमस्कार-चमत्कार झाले. साहेबांनी फळा पाहिला आणि मान डोलावली. मग वारा दाखवणाऱ्या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारलं. सर माइकवर एक वाक्य आणि साहेबांना एक वाक्य असं बोलत होते. कॅप्टन म्हणाले, "टाकीवर आलो." सरांनी फळ्याकडे नजर टाकली. पट्टी सरळ. सरळ म्हणजे सांगून झालेलं. वीस वर्षांत त्यांचा डोळा तसाच तयार झाला होता. स्वतःच सरळ केलेल्या पट्टीवर त्यांनी विश्वास ठेवला आणि म्हणाले, "ऐकलं. पुढे या."

मग त्यांनी सहज दुर्बीण लावली. डावीकडून डॉक्टर बाईंचं विमान वळत होतं. पलीकडून, उन्हातून, दुसरं. दोघांच्या पंखांची रेघ एकच होती. अगदी सरळ, पट्टी लावल्यासारखी.

सरांनी माइकचं बटण दाबलं. तोंडातून शब्द आला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना टेकायला जागा देणारा आवाज त्या चार सेकंदांत कुठे गेला, ते त्यांना अजून कळलेलं नाही. बटण दाबलेलं असल्यामुळे दुसऱ्या कोणाचंही बोलणं ऐकू येईना, आणि दुसऱ्या कोणाला बोलताही येईना. दुर्बिणीत दोन विमानांचं एक झालं. मग एक वर निसटलं आणि एक खाली राहिलं.

बटणावरचं बोट सुटलं तेव्हा कॅप्टनचा आवाज आला. "बाईंच्या विमानाच्या पोटावरचा तेलाचा ओघळ दिसला मला," ते म्हणाले. "टॉवर, तेलाचा ओघळ." एवढंच दोनदा म्हणाले. अंतर तीस फूट होतं असं नंतर ठरलं. कमीही असेल.

डॉक्टर बाई ठीक उतरल्या. विमान जागेवर लावलं, इंजिन बंद केलं आणि अर्धा तास आतच बसून राहिल्या. मग उतरल्या, टोपी आसनावर ठेवली आणि निघून गेल्या. पुन्हा त्या मैदानात आल्या नाहीत. टोपी बरेच दिवस शाळेच्या खुंटीवर होती.

आता कोणी मेलं असतं तर रडायला तरी सोय होती. इथे काहीच झालं नव्हतं. जो तो हेच म्हणायचा. "काही झालं नाही ना? मग सोडा हो." उपाहारगृहातल्या माणसाने तर चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त ठेवली. सरांना ती बिस्किटं खाववेनात आणि परतही करवेनात. त्यांनी ती कागदात गुंडाळून खिशात घातली, पट्टीशेजारी.

चौकशी नवव्या दिवशी झाली. खालच्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, तीन माणसं आणि त्यांत तिसरे तेच तपासनीस साहेब. आधी धाकटीला विचारलं. ती सगळं नीट बोलली. खरखर झाली, कॅप्टननी परत म्हटलं नाही, म्हणून पट्टी तिरकी केली. अध्यक्ष म्हणाले, "तिरकी म्हणजे?" तिने पद्धत समजावून सांगितली. अध्यक्षांनी पुस्तक चाळलं. मग सरांना आत बोलावलं. धाकटी तिथेच भिंतीकडच्या खुर्चीत बसून होती.

सरांनी सकाळी दाढी करताना एक वाक्य तयार केलं होतं. आरशासमोर तीन वेळा म्हणून पाहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या टॉवरमध्ये तिरक्या पट्टीची अशी काही पद्धत आहे?"

"पुस्तकात अशी पद्धत नाही, साहेब."

"पुस्तकातलं मी वाचलंय. तुम्ही बसलात तेव्हा ही पट्टी तिरकी होती का?"

या प्रश्नाचं वाक्य सरांनी तयार केलेलं नव्हतं. खिशातली पट्टी छातीला टोचत होती. समोर पाण्याचे तीन ग्लास होते, मधला जरा पुढे आलेला. सर त्या ग्लासाकडे बघत म्हणाले, "माझ्या लक्षात नाही."

तपासनीस साहेब पुढे झुकले. "मी वर गेलो तेव्हा पट्ट्या सरळ होत्या. मी ते मुद्दाम बघतो. इतका नेटका फळा मी यंदा दुसरीकडे कुठे पाहिला नाही."

टंकलेखन करणारी बाई थांबली. सरांना वाटलं, आता धाकटी बोलेल. बोलली असती तर त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं असतं, हे ते स्वतःला पुढे कित्येक दिवस सांगत राहिले. धाकटी त्यांच्याकडे बघत होती. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाली, "मग माझीच चूक झाली असेल."

निकालाचं पत्र चार ओळींचं होतं. पाळी सोपवताना महत्त्वाची माहिती तोंडी दिली नाही, सबब परवाना रद्द. सरांना माहितीच मिळालेली नसल्यामुळे त्यांना फक्त तोंडी समज. ती देताना अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "या वयात हे बघायला लागलं तुम्हाला." धाकटीने कपाटातला आपला कप घेतला, सगळ्यांचा निरोप घेतला, सरांनाही वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वाद दिला. हात आपोआप वर गेला. नंतर तो हात त्यांनी बराच वेळ नळाखाली धरला.

त्यानंतर सरांचा आवाज कामावर तेवढा चालायचा, आणि तोही घासूनपुसून. घरी ते बोलेनासेच झाले. चमचे वाकडेतिकडे पडलेले असायचे आणि ते त्यांच्याकडे नुसते बघायचे. बायकोला आधी बरं वाटलं. मग चार दिवसांनी भीती वाटायला लागली. पाचव्या दिवशी दुपारी ती शेंगा सोलत बसली असताना सरांनी तिला सगळं सांगितलं. दाढीच्या वेळच्या वाक्यासकट.

बायकोचे हात थांबले. "म्हणजे खोटं बोललात."

"खोटं कुठे? पुस्तकात खरंच नाही."

"मग पुस्तकाशीच लग्न करायचं होतं. आणि ते लक्षात नाही म्हणालात, ते?"

सरांनी शेंगेचं एक टरफल उचललं आणि परत खाली ठेवलं.

"त्या पोरीला मी माझ्या हाताने वाढलंय," बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला. "माझ्या शेजारी उभी राहून भाजी चिरत होती ती. जा आणि सांगा. बसलायत कशाला?"

दाद मागायला नव्वद दिवस होते. अर्ज धाकटीनेच करायचा, सोबत कोणाचा जबाब असेल तर जोडायचा. सरांनी जबाब लिहायला घेतला. लगेच लिहिला असता तर एका पानाचं काम होतं. पण पहिल्या कागदावर समास वाकडा गेला. दुसऱ्यावर खाडाखोड झाली. तिसऱ्यात त्यांना वाटलं की साहेब जिन्यात होते हे आधी यायला हवं, चौथ्यात वाटलं की ते सबब सांगितल्यासारखं दिसेल. अकरा मसुदे झाले. मधेच कामावर कोणीतरी म्हणायचं, "सर, सहाच महिने राहिले, निरोप समारंभ दणक्यात करू," आणि कागद आठवडाभर टेबलाच्या खणात जायचा. बायको रोज विचारायची, मग तिने विचारणं सोडलं, मग सरांच्या ताटात वाढून स्वतः स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागली. सर भित्रे होते. तीस वर्षं हे कोणाला दिसलं नाही, कारण घाबरायची वेळच त्यांनी कधी येऊ दिली नव्हती.

एक्क्याऐंशीव्या दिवशी ते निघाले.

धाकटीला बस स्थानकावर उद्घोषणेचं काम मिळालं होतं. सर आत शिरले आणि तिला पाहण्याआधी त्यांनी तिला ऐकलं. छताच्या कर्ण्यातून, खांबाखांबावरून. गाडी क्रमांक सतरा, फलाट चार. घाई नाही, ओढाताण नाही, प्रत्येक आकडा सुटा. खाली माणसं पिशव्या सांभाळत होती, भांडत होती, लेकरांना ओढत होती. त्या आवाजाला टेकायला तिथे कोणाला सवड नव्हती. सर एका बाकाला धरून उभे राहिले. मग खोली शोधली.

खोली म्हणजे काचेचं एक खोकं होतं. टेबल, माइक, वेळापत्रकाचा जाड पुठ्ठा, स्टीलचा तोच कप. सरांना पाहून ती उठून उभी राहिली आणि एकुलती एक खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. ते बसले नाहीत.

"ऐक, धाकटे," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. समासाशिवाय, खाडाखोडीसकट. "ती पट्टी तू तिरकीच ठेवली होतीस. मी सरळ केली. न वाचता. साहेब जिन्यात होते म्हणून."

"माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

"मी दारात पोचले होते. कप राहिला म्हणून वळून बघितलं, तेव्हा तुम्ही पट्टी फिरवत होता." ती वेळापत्रकाच्या पुठ्ठ्याची कड बोटाने चाचपत होती. "बरं वाटलं मला. म्हटलं, सरांनी सरळ केली, म्हणजे वाचली. म्हणजे सांगून झालं. सर न सांगता सरळ करणार नाहीत. म्हणून मी निर्धास्त खाली गेले. चहा घेतला, सर. ती दोघं वर एकमेकांवर चालून जात होती आणि मी चहा घेत होते."

सरांना आता बसावं लागलं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? चौकशीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." तिने साधेपणाने सांगितलं, त्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना सोसला असता. "तुमच्या आधी मी कशी बोलणार? नंतर तुम्ही म्हणालात लक्षात नाही. तुमच्या लक्षात नाही असं होत नाही, सर. मग मला वाटलं, तुम्हाला मी नकोच असेन."

"अगं, असं कसं—" त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून जबाब. "हे घे. सगळं लिहिलंय यात, माझ्या सहीने. अजून नऊ दिवस आहेत. तू नुसता अर्ज कर. परवाना परत मिळेल तुला. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

तिने कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला. खालच्या एका ओळीवर तिचे डोळे थांबले, ओठ हलले. सरांनी पाहिलं, तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता. टॉवरमध्ये अवघड विमान उतरलं की व्हायचा तसाच. तिने श्वास सोडला.

"मला ती खुर्ची फार आठवते," ती म्हणाली. "रोज. पण बसेन की नाही, कळत नाही." मग म्हणाली, "राहू दे इथे. विचार करते. अजून नऊ दिवस आहेत ना?"

"आहेत, आहेत."

तिने कागद टेबलावर ठेवला, माइकच्या शेजारी. सरळ ठेवला नाही. बोटाने जरा ओढून तिरका केला. आणि सरांकडे बघून ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. काम राहिलंय, असा त्याचा अर्थ होता, आणि तो त्या स्थानकात त्या दोघांनाच कळत होता.

सरांना भरून आलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा भार उतरल्यासारखा झाला, आणि आता निघावं म्हणून ते उठले. उठताना त्यांचा हात खिशाकडे गेला, स्टीलची पट्टी बाहेर आली, टेबलाच्या कडेला लागली, आणि हलकेच, सवयीने, कागद रेषेत आला.

दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं.

सरांनी हात असा मागे घेतला, जणू तवा लागला. "नाही," ते म्हणाले. "नाही, अगं, हे मी मुद्दाम नाही—" त्यांनी कागद पुन्हा तिरका करायचा प्रयत्न केला. कागद नुसता सरकला आणि टेबलावरून खाली पडला.

धाकटीने तो उचलला. घडी घातली, पाकिटात घातला आणि पाकीट त्यांच्या पिशवीत ठेवलं. तिचं हसू गेलं होतं. रागही नव्हता तिथे. पाळी संपलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा होता.

"घेऊन जा, सर," ती म्हणाली. "मला नाही जमणार आता. मी पुन्हा तिथे बसले तर फळ्याकडे बघणारच नाही, शेजारच्याच्या हाताकडे बघत राहीन. असं बघणाऱ्या माणसाने खुर्चीत बसू नये, तुम्हीच शिकवलंय."

"धाकटे, नऊ दिवस आहेत."

"गाडीची वेळ झाली, सर."

तिने माइक जवळ ओढला. सर खोलीबाहेर आले. पिशवी खांद्याला लावायची ते विसरले, ती हातातच लोंबत राहिली. वर कर्ण्यात खट् असा आवाज झाला आणि तिचं बोलणं सुरू झालं, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं.

"गाडी क्रमांक नऊ, फलाट दोन."

आसपासच्या कोणी मान वर केली नाही. एक बाई पिशवीतली बाटली शोधत होती. दोन माणसं जागेवरून हुज्जत घालत होती. सर फलाटाच्या मधोमध उभे राहिले, आणि वैमानिक परत म्हणून दाखवतात तसं हळूच म्हणाले, "नऊ. फलाट दोन."

मग पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच थांबले.